डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

माझा नवरा चाकणच्या एका मोटार कंपनीत नव्या गाड्या चालवून तपासायच्या कामाला होता. गाडी तयार होऊन बाहेर आली की ती आवारातल्या ट्रॅकवर फिरवायची, खडबडीत पट्ट्यावरून न्यायची, पाणी सोडलेल्या फरशीवर कचकन ब्रेक मारायचा आणि कुठे काही कुरकुर येते का ते कान देऊन ऐकायचं. पगार घेऊन पोरखेळ चाललाय, असं मी त्याला चिडवायचे. दिवसभर गाड्या चालवूनही त्याचा जीव भरत नसे. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की किल्ली वाजवत दारात उभा राहायचा आणि "चल, एक चक्कर मारू" म्हणायचा. भांडी तशीच पडायची. मी कुरकुरत जायचे, पण जायचे.

त्याच्या मागे मी त्याला ‘तो’ म्हणते आणि समोर ‘अहो’ म्हणते. आमच्या घरात असंच चालतं, त्यावरून कुणी काही अर्थ काढू नये.

कंपनीने दक्षिणेत नवा कारखाना काढला आणि जुन्या अनुभवी लोकांना तिकडे पाठवलं, त्यात तो गेला. वर्षभराचा प्रश्न आहे म्हणाला होता. वर्ष सरलं, दुसरं सरत आलं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे चाकणजवळच्या आमच्या गावातल्या घरात मी आणि माझ्या सासूबाई, अशा दोघीच उरलो. सासूबाईंना इकडच्या रीतीप्रमाणे मी आत्याबाई म्हणते. मी चिंचवडची, चार खोल्यांच्या घरात वाढलेली. त्या जन्मभर शेतात राबलेल्या. आमचं पटायला वेळ लागला, पण तो गेल्यावर आमच्या दोघींच्या मनात एकच माणूस होता, आणि त्याच्यावरून भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गाडी घेतली तेव्हा त्याने आम्हाला दोघींना समोर बसवून तिची एकेक करामत दाखवली होती. गिअरच्या पुढे एक बटण होतं, त्याच्यावर घसरणाऱ्या गाडीचं बारीक चित्र. त्या यंत्रणेला कंपनीत ईएससी म्हणतात. स्टिअरिंग किती वळवलं त्यावरून तिला कळतं की आपल्याला कुठे जायचंय, आणि गाडी खरोखर कुठे चालली आहे हेही तिला वेगळं कळतं. या दोन्हींत फरक पडला की ती आपणहून नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते आणि गाडीला वळणावर आणते. आत्याबाईंनी एवढंच लक्षात ठेवलं की गाडी घसरायला लागली तर हे बटण वाचवतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या गाडीला हळदकुंकू लावलं, पण त्या बटणाला जरा जास्त लावलं.

मला त्याने गाडी शिकवली ती चऱ्होलीला. तिथे तेव्हा माणसांच्या आधी रस्ते झाले होते. रुंद, कोरा करकरीत रस्ता, मधे दुभाजक, दुभाजकात नुकतीच लावलेली झाडं, आणि पुढे तो रस्ता एकदम एका ज्वारीच्या शेतात जाऊन संपायचा. आजूबाजूच्या दहा गावांतली नवशिकी माणसं तिथे गाडी शिकायला यायची. आमच्या पुढे एखादी म्हैस चालत असायची आणि मागे दुसरी नवशिकी बाई. एका इमारतीच्या कामावर पाण्याचे टँकर यायचे, तिथे रस्त्यावर कायम चिखलाचा पट्टा असायचा. तो मला मुद्दाम त्या पट्ट्यावरून बेताच्या वेगात वळायला लावायचा. मागची चाकं सरकली की त्याच क्षणी गाडीखाली कुणीतरी घर्रकन काही आवळल्यासारखा आवाज यायचा, समोर पिवळा दिवा लुकलुकायचा आणि गाडी सरळ व्हायची.

"लुकलुकला ना? तिनं काम केलं," तो म्हणायचा. "पण तिच्या भरवशावर पळवायची न्हाई. टायरला रस्त्याची पकडच नसली तर ती तरी काय करणार?"

त्याचं बोलणं घरात गावचं असायचं, फोनवर साहेबांशी बोलताना एकदम पुस्तकी व्हायचं. शिकवताना मात्र तो फार गोड असायचा. मला तो इतका गोड एरवी कधी दिसला नाही. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात शिरल्यावर नको. घसरलीच तर खड्ड्याकडे बघू नकोस, जिकडं जायचंय तिकडं बघ, हात आपोआप तिकडं जातात. स्टिअरिंग झटकू नकोस. पावसात चाकणच्या बाजाराजवळ कांद्याची सालं आणि चेंगरलेले कांदे पडलेले असतात, तिथं पाण्यापेक्षा जास्त घसरतं. हे सगळं तो हळू आवाजात, माझ्या हाताकडे बघत सांगायचा. मला वाटतं मी मुद्दाम हळूहळू शिकत होते.

मग त्याची जायची ऑर्डर आली आणि शिकवणं मधेच थांबलं. ते बटण बंद कधी करायचं, तो दिवा न लुकलुकता सतत लागून राहिला तर त्याचा अर्थ काय, हे सांगायचं राहूनच गेलं.

तो गेल्यावर मी सीट पुढे ओढली, नाहीतर पाय पोचत नव्हते. स्टिअरिंग मात्र त्याने ठेवलेलं तसंच उंच ठेवलं. ते खाली घ्यायला एक दांडी ओढायची असते, मला माहीत होतं, पण मी ओढली नाही. तो उंच आहे आणि मी बुटकी. त्या उंच स्टिअरिंगमुळे समोरच्या तबकडीचा खालचा भाग मला दिसतच नसे. पण गाडीत बसलं की हाताखाली त्याच्या उंचीचं स्टिअरिंग यायचं आणि मला बरं वाटायचं. लोक गेलेल्या माणसाच्या वस्तू जपतात. माझा माणूस धडधाकट होता, रोज फोन करत होता, तरी मी हे करत होते.

मीही एका कंपनीत नोकरी करते, कामावर तिच्या बसने जायचे. गाडी काढायची ती आत्याबाईंसाठी, त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे, नाहीतर लग्नाकार्याला. त्या शेजारी बसायच्या, डॅशबोर्डला हात लावून नमस्कार करायच्या, त्यांचं काय ते पुटपुटणं व्हायचं, आणि मी तोपर्यंत मान मागे वळवून बोळातून गाडी मागे घेत असायचे. पुढे बघितलं की स्टिअरिंगच्या मधल्या भागाच्या वर तो पिवळा दिवा अर्धा उगवलेला दिसायचा. छोट्या गाडीचं चित्र, तेही वरचं निम्मं. लुकलुकला म्हणजे तिने काम केलं, तर मग नुसता लागलेला असला म्हणजे ती जागी आहे, असं मी माझ्या मनाने ठरवलं. त्या दिव्याकडे बघून मला एकटं वाटत नसे. वळण आलं की मी त्याच्याकडे एकदा बघून घ्यायचे. हसू येईल कुणाला, पण तो दिवा म्हणजे माझ्यासाठी तोच होता.

त्या दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. कंपनीने विचारलं होतं, परत चाकणला यायचं की आणखी तीन वर्षं तिकडेच राहायचं. राहिला तर हुद्दा वाढणार होता. दिवाळी संपेपर्यंत कळवायचं होतं.

"तू सांग, काय करू?" त्याने विचारलं.

मला काय हवं होतं ते मला स्वच्छ माहीत होतं. तो मला घरात हवा होता. किल्ली वाजवत दारात उभा राहिलेला, माझी भांडी पडू देणारा. पण ये म्हणायला माझी जीभ वळेना. एवढं माणसाला आपणहून कळू नये का, असा माझा हट्ट. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आमचं इथे ठीक चाललंय. तो बरं म्हणाला. दिवाळीला सुट्टी मिळत नाही, हेही त्याच फोनवर सांगून टाकलं.

त्या दिवसापासून मी रोज त्याच्या निर्णयाची वाट बघत होते आणि फोनवर रोज ठीक म्हणत होते.

तो येणार नाही याचा दुसरा घाव आत्याबाईंवर बसला. त्यांचं माहेर खेडच्या पुढे, भीमाशंकरच्या बाजूला डोंगरात आहे. भाऊबीजेला पूर्वी त्यांचा धाकटा भाऊ मुराळी म्हणून न्यायला यायचा. तो थकल्यावर माझा नवरा त्यांना दरवर्षी गाडीतून न्यायला लागला. पावसाळ्यात त्या भावाला अर्धांगाचा झटका आला होता आणि तो अंथरुणाला खिळला होता. आत्याबाईंनी दिवाळीच्या पहिल्या दिवसापासून तोंड बंद केलं. करंज्या केल्या, पण भावाचा डबा भरला नाही. ते बघून मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी नेते तुम्हाला.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू? डोंगरातनं?"

"व्हय, मीच," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. त्या उठल्या आणि डबा भरायला लागल्या.

भाऊबीजेच्या सकाळी निघालो. आदल्या रात्री अवेळी पाऊस पडून गेला होता, आभाळ अजून भरलेलं होतं. हमरस्त्यावर ट्रकांच्या मधून मी जीव मुठीत धरून गाडी काढली. खेड मागे पडलं तशी रहदारी विरळ झाली आणि डोंगर जवळ आले. भाताची कापणी चालली होती. ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर येत होते आणि चाकांना लागलेली लाल माती रस्त्यावर सोडून जात होते. वरून भुरभुर पाऊस सुरू झाला. आत्याबाईंच्या मांडीवर ओवाळणीचं ताट होतं. समोर पिवळा दिवा लागलेला होता. मी निर्धास्त होते.

एका उतारावरच्या वळणाला मी जरा उशिराच वेग कमी केला. चाकं त्या लाल चिखलावर गेली आणि गाडीचा मागचा भाग सरकन बाहेर गेला. मी घर्रकन आवाज यायची वाट बघितली. आवाज आला नाही. दिवा लुकलुकला नाही, तसाच ढिम्म लागून राहिला. गाडी आडवी होत दरीच्या बाजूला निघाली होती. मला नवऱ्याचा आवाज आठवला असं मी म्हणणार नाही, तेवढा वेळच नव्हता. पण माझी नजर दरीकडे गेली नाही, रस्त्याच्या आतल्या बाजूला गेली, आणि हात तिकडे गेले. गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे झुलली आणि डोंगराच्या कडेला टाकलेल्या खडीच्या ढिगाला बाजू टेकवून थांबली. ताटातल्या सुपाऱ्या गाडीभर झाल्या.

आत्याबाईंना काही लागलं नव्हतं. मी दार उघडून खाली उतरले. दाराला धरून उभी राहिले आणि सहज आत बघितलं. उभं राहिल्यावर ती तबकडी पहिल्यांदा मला पूर्ण दिसली. पिवळ्या दिव्यातली छोटी गाडी, तिच्या खाली चाकांच्या नागमोडी खुणा, आणि त्याच्या खाली इंग्रजीत लिहिलेलं, ऑफ.

म्हणजे यंत्रणा बंद होती. मी तशीच उभी राहिले. महिनोन् महिने मी ज्याच्याकडे बघून धीर धरत होते, तो दिवा मला सांगत होता की तुझ्याबरोबर कुणीही नाही.

ती बंद कशी झाली, असं मी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं. आत्याबाई सुपाऱ्या गोळा करता करता थांबल्या.

"आगं, तो दिवा तर मीच लावती की," त्या म्हणाल्या. "गाडीत बसलं की आदी ती कळ दाबायची, दिवा लागंस्तवर. आपली गाडी वावराच्या वाटंला रुतली हुती तवा त्यानं न्हाई का दाबली? दिवा लागला आन् गाडी भायेर आली."

ते खरं होतं. पहिल्या पावसाळ्यात शेताच्या काळ्या चिखलात गाडी रुतली होती आणि त्याने ते बटण दाबून धरलं होतं. चिखलात चाक जागीच फिरायला लागलं की ही यंत्रणा त्याचा जोर काढून घेते, म्हणून बाहेर पडेपर्यंत ती बंद करायची असते आणि डांबरीवर आलं की लगेच चालू करायची असते, हे मला नंतर कळलं. त्याने पक्क्या रस्त्यावर येताच पुन्हा चालू केलीही असेल. पण आत्याबाई तोवर घराशी उतरल्या होत्या. त्यांनी दिवा लागताना बघितला होता, विझताना नाही. आणि लागलेला दिवा वाईट असतो हे आमच्यातल्या कुणाला सुचणार? गाडी नव्याने सुरू केली की ती यंत्रणा दर वेळी आपोआप चालू होते, आणि तेव्हापासून त्या प्रत्येक वेळी गाडीत बसल्या की नमस्कार करून, मुलाचं नाव घेऊन, ते बटण दाबून धरत होत्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"मग त्यानं सांगितलं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"आपण कुठं विचारलं?" मी म्हटलं.

मी आत बसले, दांडी ओढून स्टिअरिंग माझ्या उंचीवर आणलं. बटण दाबलं. दिवा विझला आणि समोर काही उरलं नाही. आता गाडी सुरक्षित होती, आणि मला इतकं ओकंबोकं वाटलं की मी थोडा वेळ गाडी हलवलीच नाही.

आम्ही दुपारच्या आत पोचलो. भाऊ ओसरीत खाटेवर होता. आत्याबाईंना बघून त्याचा निम्मा चेहरा हसला. त्यांनी त्याला बसतं केलं, पाठीला उशा लावल्या, ओवाळलं आणि आपल्या हाताने करंजी मोडून भरवली. मग मला म्हणाल्या, मी आठ दिवस ऱ्हाती, तू ये न्यायला. माझं एकटीचं काय होईल हे त्यांनी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. त्यांना हवं ते त्यांनी सरळ मागितलं होतं, हे माझ्या मनात घर करून राहिलं.

परतताना ऊन पडलं होतं, रस्ते सुकले होते. मी सावकाश, नीट चालवत आले. शेजारची सीट रिकामी होती. डोंगर उतरल्यावर एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली आणि त्याला फोन लावला. त्याची जेवणाची सुट्टी होती. आई पोचली का, त्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, दिवा, बटण, चिखल. तो ऐकत राहिला. मग त्याचा आवाज बदलला. हे मी सांगायला पाहिजे होतं, टायर बघून घे, वर्कशॉपला दाखव, असं एकामागून एक बोलायला लागला.

"अहो, ते राहू द्या," मी म्हटलं. "माझं इथे ठीक नाही. कधीच नव्हतं. मला तुम्ही घरी पाहिजे आहात. या."

पलीकडे त्याच्या कॅन्टीनमधल्या ताटांचा आवाज येत होता.

"परवाच राहतो म्हणून सांगून बसलो गं," तो म्हणाला. "तू ठीक म्हणालीस. मला वाटलं, तुम्हा दोघींना माझ्यावाचून जमतंय."

शब्द फिरवता येईल का, हे त्याने साहेबांना विचारून बघितलं. पण चाकणच्या त्याच्या जागेवर तोवर दुसरा माणूस नेमला गेला होता. तो अजून तिकडेच आहे, आणि यायला अजून बराच अवकाश आहे. मी आता गाडी एकटी काढते, पावसातही काढते. आत्याबाई शेजारी बसल्या तर नमस्कार करून हात पदरात घेतात.

फोनवर मात्र मी आता ठीक म्हणत नाही. गेल्या रविवारी त्याला सांगितलं की आज चऱ्होलीवरून गेले, तो रस्ता आता दोन्हीकडून इमारतींनी भरलाय, आपण गाडी शिकलो ती जागा मला ओळखूच आली नाही, आणि मी गाडीत रडले. तो म्हणाला, "इथल्या ट्रॅकवर मी एकटाच गाडीत असतो, तरी प्रत्येक वळणाच्या आधी शेजारच्या सीटकडे बघून म्हणतो, आता हळू घे. हे सांगितलं तर कामावरची पोरं हसतात मला." मला हसू आलं नाही. आम्ही दोघंही नुसते फोन कानाला धरून बसलो.